सकाळची शुगर चढते? आधी नऊ स्ट्रिप्स खर्च करा

रात्री दोन फुलके, दुधीची भाजी, गोडाचा कण नाही. झोपताना शुगर १३० आणि सकाळी उपाशीपोटी १६५! चंडीमंदिरच्या छावणीत राहणाऱ्या किंवा निवृत्तीनंतर पंचकुल्यात स्थायिक झालेल्या मराठी फौजी घरांत टाइप टू मधुमेह असेल, तर या आकड्याची धास्ती ओळखीची असते. मग कुणी गोळी वाढवतं, कुणी रात्रीचं जेवण सोडतं. दोन्ही करू नका. दीडशे-दोनशे रुपयांत कारण कळू शकतं.

पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वाढतात आणि यकृत साखर रक्तात सोडू लागतं. मधुमेह नसलेल्यांचं इन्सुलिन ती आवरतं, मधुमेहात ते पुरं पडत नाही. उपाशी झोपूनही आकडा चढतो तो यामुळे. डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमेनन’ म्हणतात.

पण प्रत्येक वेळी कारण हेच नसतं. म्हणून लागोपाठ तीन रात्री तीन वेळा तपासा: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर, चहाच्या आधी. झोपतानाच आकडा १८०-२०० असेल, तर दोष रात्रीच्या पराठ्याचा, उशिराच्या जेवणाचा किंवा अपुऱ्या औषधाचा. झोपताना आणि तीनला ठीक, सकाळी वर, तर पहाटेच्या हार्मोन्सचा परिणाम. तीनला शुगर ७०च्या खाली आली, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना हा धोका जास्त. अशांनी सकाळचा आकडा पाहून स्वतःच डोस वाढवणं मला फार भयंकर वाटतं.

आता खर्च. मीटर साधारण ५०० ते १५०० रुपयांत मिळतो, पण खरा खर्च स्ट्रिप्सचा: एक साधारण १५ ते २० रुपयांना. म्हणून दुकानात मीटरची सवलत पाहू नका, ५० स्ट्रिप्सच्या डबीची किंमत आणि मुदत विचारा. सप्टेंबर २०२५ पासून मीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो बिलात दिसला पाहिजे. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो, म्हणून हात साबणाने धुऊन, पुसून, बोटाच्या कडेला टोचा. मध्यभागी टोचलं की जास्त दुखतं.

दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो. इन्सुलिनवर असाल किंवा रात्री शुगर उतरत असेल तर तो उपयोगी आहे, एरवी नऊ स्ट्रिप्स पुरतात. तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी खासगी लॅबमध्ये साधारण ३०० ते ६०० रुपयांना होते.

माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेचं कार्ड असलेल्यांनी आधी तिचं पॉलिक्लिनिक गाठावं. तिथला सल्ला आणि औषधं मोफत आहेत, गरज पडल्यास रेफरलही मिळतो. औषध शिल्लक नसेल तर तसा शेरा घ्या आणि परताव्याचा चालू नियम काउंटरवर विचारून मगच बाहेर खरेदी करा. कार्ड नसेल तर जनऔषधी केंद्र पाहा. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या तिथे २०२२ मध्ये ६० रुपयांना आल्या, तेव्हा नामांकित ब्रँडचा भाव १६० ते २५८ रुपये होता. गोळी बदलताना चिठ्ठीवरचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या.

बिनखर्चाचे उपाय दोन: जेवण आठच्या आत आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं. जानेवारीच्या धुक्यात बाहेर जाववत नसेल तर घरातल्या घरात फेऱ्या मारा.

डॉक्टरांकडे जाताना तीन रात्रींचे आकडे, जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा एका कागदावर लिहून न्या. बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० हे लक्ष्य असतं. वय, किडनी, हृदय पाहून तुमचं वेगळं असू शकतं, ते विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. शुगर ३००च्या वर टिकून राहिली आणि उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर तीन रात्री थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा.