वायूचे कोठार आणि एका नळीची जाडी

आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरकडे नीट पाहा. सिलिंडरच्या वरचे गोल कडे ज्या उभ्या पट्ट्यांनी जोडलेले असते, त्यांपैकी एका पट्टीच्या आतल्या बाजूस एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक रंगवलेले दिसतील. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २८’ असे लिहिले असेल, तर २०२८ सालच्या सप्टेंबरअखेरपर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी झालीच पाहिजे.

ही तपासणी करताना रिकाम्या सिलिंडरमध्ये पाणी भरून त्यावर मोठा दाब देतात. हवा का भरत नाहीत? हवा दाबली की आकसते आणि दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे तिच्यात पुष्कळ ऊर्जा साठते. सिलिंडर कमकुवत निघाला, तर स्फोट होईल. पाणी जवळजवळ आकसत नाही, म्हणून ऊर्जाही फारशी साठत नाही.

सिलिंडर उचलून तपासणीच्या जागी नेता येतो. पण जे कोठार डोंगराखाली दोन-अडीच किलोमीटर खोल आहे, ते कसे तपासायचे? आणि तपासायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याने काय घडले, त्याची हकिकत आज आपण पाहू.

जमिनीखाली वायू का साठवतात?

आपल्या सिलिंडरमधला वायू थोड्याशा दाबाने द्रवरूप होतो. नैसर्गिक वायूचे तसे नाही. तो मुख्यतः मिथेन असतो, आणि मिथेनचे तापमान उणे ८२ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर कितीही दाब दिला तरी तो द्रवरूप होत नाही. म्हणून तो वायुरूपातच साठवायचा, तर त्याला प्रचंड जागा लागते.

ही जागा निसर्गानेच करून ठेवलेली आहे. ज्या खडकांतून तेल किंवा वायू काढून घेतला आहे, ते खडक पुन्हा वायूने भरता येतात. खडक म्हणजे येथे पोकळ गुहा समजू नका. वालुकाश्माच्या कणांमध्ये असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांत वायू सामावतो आणि वरचा अभेद्य थर झाकणाचे काम करतो. १९१५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात हा प्रयोग प्रथम झाला. आज एकट्या अमेरिकेत अशी सुमारे ४०० कोठारे आहेत. काही जुन्या तेलक्षेत्रांत, काही मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांत, तर काही पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांत आहेत. मागणी कमी असते तेव्हा वायू आत भरायचा आणि कडक हिवाळ्यात बाहेर काढायचा, असा हा व्यवहार.

खडकाचे झाकण लाखो वर्षे टिकलेले असते. दुबळी जागा असते ती माणसाने त्या झाकणाला पाडलेल्या भोकांची, म्हणजेच विहिरींची.

अलिसो कॅन्यनची विहीर

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या उत्तर टोकाला अलिसो कॅन्यन नावाचे कोठार आहे. त्याची क्षमता सुमारे २४० कोटी घनमीटर वायूची होती. तेथील ‘एसएस-२५’ ही विहीर १९५३-५४ मध्ये तेलासाठी खोदली गेली आणि १९७३ साली वायूच्या साठवणीसाठी वापरात आली.

२३ ऑक्टोबर २०१५ रोजी या विहिरीतून वायू बाहेर पडत असल्याचे आढळले. मिथेनला स्वतःचा वास नसतो, पण गळती कळावी म्हणून वायूत मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे पदार्थ मिसळतात. तो वास पायथ्याच्या पोर्टर रँच वस्तीत पसरला. लोकांना डोकेदुखी, मळमळ होऊ लागली, काहींच्या नाकातून रक्त येऊ लागले. ८,००० हून अधिक कुटुंबांनी तात्पुरती घरे सोडली. दोन शाळांतील मुलांचे वर्ग दुसऱ्या शाळांच्या आवारात भरवावे लागले.

विहिरीत जड चिखल दाबून वायू अडवण्याचे सात प्रयत्न फसले. शेवटी बाजूने दुसरी विहीर खोदून मूळ विहीर खोलवर गाठली आणि तळाकडून बंद केली. १८ फेब्रुवारी २०१६ रोजी ती कायमची बुजवल्याचे जाहीर झाले. तोवर सुमारे ९७,००० टन मिथेन वातावरणात गेला होता. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणजे ही गळती सुमारे २७ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची झाली!

नळी का फुटली?

सरकारी यंत्रणांच्या सांगण्यावरून ब्लेड एनर्जी पार्टनर्स या संस्थेने कारणांचा शोध घेतला. मे २०१९ मध्ये अहवाल आला. सुमारे २७० मीटर खोलीवर विहिरीची ७ इंच व्यासाची पोलादी नळी फुटली होती. भूजलाशी संपर्क आल्याने तिच्या बाहेरच्या अंगावर जीवाणूंमुळे गंज चढला होता, आणि त्या ठिकाणी नळीची सुमारे ८५ टक्के जाडी खाल्ली गेली होती.

आता थोडे गणित करू. आतून दाब असलेल्या पातळ नळीच्या भिंतीवरील ताण काढण्याचे सूत्र सोपे आहे: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. आतला दाब वातावरणाच्या सुमारे १८० पट, त्रिज्या सुमारे ८५ मिलिमीटर आणि मूळची जाडी ८ मिलिमीटर. ताण आला सुमारे १,९०० वातावरण. या प्रकारच्या पोलादाची मर्यादा सुमारे ३,७०० वातावरण असते, म्हणजे नवी नळी निर्धास्त होती. पण जाडी १.२ मिलिमीटर उरली की तोच ताण १२,७०० च्या घरात जातो. गंजलेल्या जागेला भोवतालच्या धातूचा आधार असतो, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा. तरीही नळी का टिकली नाही, ते त्यावरून स्पष्ट होते.

तपासणी होत होती, मग?

तुम्ही विचाराल, या विहिरीची तपासणी कोणी करत नव्हते का? होत होती! नियमाप्रमाणे दर वर्षी विहिरीत तापमापक सोडला जात असे. त्यामागचे विज्ञान सुंदर आहे. खोल जावे तसे जमिनीचे तापमान हळूहळू वाढते. पण कोठे भोक पडले असेल, तर तेथून निसटणारा वायू एकदम प्रसरण पावून थंड होतो, आणि तापमानाच्या आलेखात त्या जागी खळगा दिसतो.

पण हा तापमापक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो? ‘आत्ता गळते आहे का?’ एवढ्याच. ‘नळी किती झिजली?’ हे त्याला कळत नाही. भिंतीची जाडी मोजण्याची सक्ती त्या वेळच्या नियमांत नव्हती. १९८८ साली कंपनीतच २० विहिरींच्या नळ्या तपासाव्यात अशी यादी झाली होती. तिच्यात एसएस-२५ होती, पण तपासल्या गेल्या सातच, आणि त्यांत ती नव्हती. याच कोठारात पूर्वी ६० हून अधिक वेळा नळ्या गळल्या, पण त्या का गळल्या याचा मुळापर्यंत शोध घेतला गेला नाही. विहिरीच्या आतली सुरक्षा-झडप १९७९ साली काढली, ती पुन्हा बसवली नाही. नियमाने ती मागितलीच नव्हती.

याबाबत दुसऱ्याला दोष देताना मला माझी एक चूक आठवते. एके वर्षी प्रयोगशाळेच्या तपासणी-वहीत अग्निशामकापुढे मी बरोबरची खूण केली. वहीत रकाना होता, ‘जागेवर आहे का?’ अग्निशामक जागेवरच होता. पुढे कोणीतरी तो उचलला, तेव्हा हलका लागला. तो केव्हाच रिकामा झालेला होता. माझी खूण खोटी नव्हती, पण निरुपयोगी होती.

आता काय बदलले?

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने भूमिगत वायुकोठारांसाठी प्रथमच देशभर लागू होणारे सुरक्षा-नियम केले. कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली आपले नियम आणखी कडक केले. आता तेथे वायूची ये-जा फक्त आतल्या नळीतून व्हावी लागते. म्हणजे ती फुटली, तरी बाहेरची नळी दुसरी भिंत म्हणून उभी असते. एसएस-२५ मध्ये वायू दोन्ही नळ्यांमधल्या जागेतूनही वाहत असे, त्यामुळे दुसरी भिंत उरलीच नव्हती.

शिवाय भिंतीची जाडी ठरावीक मुदतीने मोजावी लागते. कशी? एक रीत चुंबकाची. नळीचे पोलाद चुंबकित केले की चुंबकीय बलरेषा धातूतून जातात, आणि जेथे धातू झिजलेला असतो तेथे त्या बाहेर डोकावतात. दुसरी रीत प्रतिध्वनीची. श्राव्यातीत ध्वनी भिंतीच्या पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येण्यास लागणारा वेळ मोजला की जाडी कळते. लोहकीसाचा आणि प्रतिध्वनीचा धडा तुम्ही शाळेत शिकलाच आहात!

नियमाप्रमाणे तपासणी करणे आवश्यकच आहे. पण तपासणी जेवढे विचारते, तेवढेच सांगते. तुमच्या शाळेतही तपासणीचा एखादा तक्ता भिंतीवर लावलेला असेल. पुढच्या वेळी त्याच्यासमोर उभे राहून प्रत्येक रकान्याला विचारून पाहा: वस्तू बिघडल्यावरच तू ते सांगशील, की बिघडण्यापूर्वी? ज्या रकान्याला दुसरे उत्तर देता येणार नाही, तो गुरुजींना दाखवा.