दाढदुखीनंतर हनुवटीखाली सूज

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. खालची दाढ दुखत होती. आता हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक सूज आहे, तोंड उघडत नाही. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत थांबावं का?

उत्तर : अजिबात थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयात त्यांना आत्ताच न्या. हा ‘लुडविग्ज अँजायना’ असू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. दाढेच्या मुळातला जंतुसंसर्ग जिभेखाली पसरतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. काही तासांत चित्र पालटू शकतं, म्हणूनच मी एवढा आग्रह धरतो आहे. लाळ गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा आडवं झाल्यावर गुदमरत असेल तर १०८ ला फोन करा. त्यांना बसवूनच न्या.

तिथे आधी श्वासमार्ग सुरक्षित केला जातो. बरेचदा रुग्ण जागा असतानाच लवचीक दुर्बिणीने नळी घालतात. ते जमलं नाही तर ट्रेकिओस्टोमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करणं. हे ऐकून घाबरून संमती लांबवू नका. शिरेतून अँटिबायोटिक्स लगेच सुरू होतात. गरजेप्रमाणे पू काढतात, दाढही काढतात. साखर आटोक्यात ठेवावी लागते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत शेक नको, मालिशही नको.