या धोंड्यांचा अर्थ काय?

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-९, योहान १५:१३, याकोब १:२७

टिळकवाडीतील आम्ही काही सभासद बेळगाव कॅम्पात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या शरकत युद्धस्मारकापाशी, माजी सैनिकांच्या सन्मानसोहळ्यास उपस्थित होतो. बिगुल वाजला, सर्व स्तब्ध उभे राहिले. ख्रिस्ती माणसाने अशा ठिकाणी कोणत्या भावनेने उभे राहावे?

यहोशवाच्या सांगण्यावरून बारा जणांनी यार्देनेतून बारा धोंडे खांद्यावर वाहून आणले. पुढे मुलांनी अर्थ विचारला, तर घडलेले खरे सांगता यावे, एवढ्यासाठीच ते होते.

ह्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदीच्या खोल पाण्यातून, गोळ्यांच्या वर्षावात, दोन जखमी सोबत्यांना वाहून सुखरूप आणले. मग शत्रूची तीन मशीनगन ठाणी नष्ट केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिली गोष्ट मुलांना सांगणे सोपे, दुसरी अवघड. पलीकडेही कोणाचे तरी पुत्र होते. आपण दोन्ही सांगाव्या. प्रभूने मित्रांकरिता प्राण देण्याला सर्वांत मोठी प्रीती म्हटले, आणि स्वतः तो वैऱ्यांकरिताही मरण पावला (रोम ५:१०).

पुष्पचक्र वाहून कर्तव्य संपत नाही. याकोब विधवांचा समाचार घ्यावयास सांगतो. आपल्या गल्लीत सैनिकाची विधवा पेन्शनसाठी हेलपाटे घालीत असेल, तर तिच्याबरोबर कचेरीत जाणे हेही स्मरणच होय.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न :
१. बारा धोंडे कशासाठी ठेवले?
२. आपल्या मंडळीत माजी सैनिकांची वा सैनिकांच्या विधवांची घरे कोणती? ह्या आठवड्यात तेथे कोण जाईल?