वडिलांचे न फिटणारे ऋण



आईवडिलांचा सन्मान करावा ही देवाची चौथी आज्ञा. संत थॉमस अक्वायनस हा सन्मान न्यायाशी जोडतात, पण एक फरक करतात. सावकाराचे कर्ज घेतले तेवढे परत करता येते. आईवडिलांचे कधीच पुरते फिटत नाही. ॲरिस्टॉटलनेही हेच म्हटले होते.

उदाहरण आपल्या शहराच्या जवळचेच आहे. येथे 1950 साली मिलिंद महाविद्यालय सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ. तुटपुंजी पेन्शन, परळच्या चाळीत एकच खोली. शाळकरी भीमराव लवकर झोपे. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, त्याला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः पाठ टेकत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन दागिना मागून आणत, गहाण ठेवत, पेन्शन आली की सोडवत. (मुलीच्या सासरी हात पसरणे त्या काळच्या बापाला किती जड गेले असेल!)

1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले, गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा रामजींची नजर त्यांनाच शोधत होती. 2 फेब्रुवारीला ते वारले. 1923 सालचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी आज मिस्सा संपल्यावर घरी त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारावे : माझ्या शाळेच्या फीचे पैसे तुम्ही कुठून आणलेत?