खिशातले पैसे, मालकाचे काम



गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ थांबला. तो एका औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. तालुक्याच्या गावांना फिरताना पेट्रोल, लॉजचे भाडे, जेवण हा सारा खर्च तो प्रथम स्वतःच्या खिशातून करतो, महिनाअखेरीस बिले पाठवतो आणि पैसे कधी दीड, कधी दोन महिन्यांनी हाती येतात. या वेळी घरभाड्यापुरतेही उरले नाहीत, म्हणून पत्नीच्या महरच्या रकमेतून त्याने उसने घेतले. "मौलाना, सब्र करू की पैसे मागू?" असे त्याने विचारले.

उत्तर देण्यापूर्वी या रकमेला शरियतमध्ये काय म्हणतात, ते पाहावे लागेल. मालकाच्या वतीने खर्च करणारा नोकर फिकहच्या परिभाषेत त्याचा 'वकील' असतो. न्यायालयातला नव्हे, प्रतिनिधी या अर्थाने. मालकाच्या आज्ञेने त्याने स्वतःचे पैसे घातले, तर तेवढी रक्कम मालकावर कर्ज म्हणून चढते. आज्ञा वा रूढ वहिवाट नसताना घातले, तर हनफी फुकहांच्या मते ते 'तबर्रू' म्हणजे स्वेच्छेचे दान ठरते व त्याची वसुली मागता येत नाही. म्हणून परवानगी आधी घ्यावी, शक्यतो लेखी. आपल्या देशाचा 1872 चा करार कायदाही प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेल्या वैध कामांचा भार मालकावरच टाकतो.

एकदा ते कर्ज आहे हे मान्य झाले, की सूरह बकराची 282 वी आयत समोर उभी राहते. मुदतीचे देणे लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवण्यात आळस करू नये, अशी ताकीद तीत आहे. किती कंपन्या व दुकानदार नोकराला परतफेडीची तारीख लिहून देतात? येथे तर उलटीच गंगा वाहते. महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस धनवान मालकाला बिनव्याजी कर्ज देतो आणि ते परत मागताना स्वतःच संकोचतो! ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले; ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या तरुणाला मी म्हणालो, आपला हक्क सभ्यपणे मागणे हे सब्रच्या विरुद्ध नाही.

याहून उत्तम रीत बुखारीतच सापडते. प्रेषितांनी (स.) हजरत उरवा बारिकी (रजि.) यांना बकरी आणण्यास पाठवले, तेव्हा दीनार आधी हाती दिला. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक दीनाराला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही आणून दिले. आगाऊ रक्कम मालकाने दिली. नफा नोकराने लपवला नाही. ज्यांच्या दुकानात चार मुले कामाला आहेत, त्या बांधवांनी ही हदीस पुन्हा वाचावी.

आता नोकराची बाजू. ठरलेला दैनिक भत्ता मिळत असेल, तर काटकसरीने उरवलेले पैसे त्याचे. मात्र प्रत्यक्ष खर्चाची भरपाई असेल, तर सहाशेच्या खोलीचे आठशेचे बिल लिहून घेणे ही खियानत होय. दुकानदाराने सूट दिली, तर तीही मालकाची. "कंपनी उशीर करते, मग आपण थोडे वाढवले तर काय?" हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकतो. उशिराबद्दल स्वतःसाठी जादा रक्कम घेणे हे कर्जावरचे व्याजच आहे. बिलात दडवले म्हणून त्याचे नाव बदलत नाही. क्रेडिट कार्डाने खर्च करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. कंपनीने उशीर केला, की कार्डावरचे व्याज आपल्या माथी बसते. असा खर्च कंपनीच्या कार्डावर किंवा आगाऊ रकमेतून व्हावा, अशी मागणी नोकरी स्वीकारतानाच करावी; पुढे अवघड जाते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जकातीचा हिशेब करताना परत मिळण्याची खात्री असलेली ही येणी आपल्या मालमत्तेत धरावी लागतात.

त्या तरुणाने वरिष्ठांना अर्ज लिहिला आहे: दौऱ्यापूर्वी अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली बिल दिल्यापासून पंधरा दिवसांत. उत्तर अजून आलेले नाही. महर ही पत्नीची स्वतःची मालमत्ता असल्याने, तिचे पैसे कोणत्या तारखेला परत करणार, हेही मी त्याला कागदावर लिहून तिच्या हाती द्यायला सांगितले आहे.