बुडी मारणारी बदके : लालसरी व तिचे आप्त

साकीनाक्यावरून वाहणारी मिठी नदी विहार व पवई ह्या तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून उगम पावते. ह्या परिसरात आता शेते उरलेली नाहीत. तथापि बदकांचे दोन वर्ग कसे ओळखावेत, हा धडा अशाच तलावाच्या काठी उत्तम घेता येतो. हळदीकुंकू बदक शेपूट वर करून केवळ डोके व मान पाण्यात घालते. लालसरी मात्र सर्वांगाने बुडी मारून तळाचे कंद, बी व गोगलगायी खाते. तिचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. त्यामुळे ती पोहण्यात तरबेज, पण जमिनीवर अडखळते; उडतानाही प्रथम पाण्यावरून धावत जाते.

छोट्या लालसरीच्या नराचे डोके तांबूस, छाती काळी व पाठ राखी असते. मोठ्या लालसरीची चोच लालभडक असते. शेंडी बदकाचा नर काळा, कुशी पांढऱ्या व डोळा पिवळा. माद्या बहुधा तपकिरी असल्याने त्या ओळखण्यात जाणकारही चुकतात. हे पाहुणे हिवाळ्यात युरोप व मध्य आशियाकडून येतात. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर व पैठणचा जायकवाडी जलाशय येथे ते पाहावयास मिळतात.

हरभऱ्याचे शेंडे खुडलेले दिसले की शेतकरी बंधू तलावावरील सर्वच पक्ष्यांना दोष देतात. प्रथम शेतातील पायांचे ठसे व विष्ठा पाहावी. कोवळे पीक चरणारा पक्षी बहुधा पट्ट कादंब हंस असतो. जिला धड चालता येत नाही ती लालसरी शेतात चरावयास येत नाही. विषारी दाणे टाकणे तर सर्वथा वर्ज्य होय. त्याने गावची कोंबडीही मरते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हाही ठरतो. छोटी लालसरी २०१५ पासून जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत गणली जाते.

मच्छीमार बंधूंना एक विनंती. लालसरी बहुधा सायंकाळी व रात्री चरते आणि बुडी मारताना नायलॉनच्या उभ्या जाळ्यात अडकून गुदमरते. हिवाळ्यात थव्याच्या जागी रात्रभर जाळे ठेवू नये. जलपर्णी वेळीच काढावी. तिच्या छायेत तळाच्या वनस्पती मरतात व बदकांचा चारा नाहीसा होतो.

फेब्रुवारी १९०६ नव्हे, २००६ मध्ये नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता, हे स्मरणात असू द्यावे. पाळीव बदके हिवाळ्यात पाहुण्या थव्यांत मिसळू देऊ नयेत. मेलेला पक्षी हाताळू नये. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.