टॅब्लेटचा आवाज एका बाजूस का झुकतो ?

टॅब्लेटवर ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकताना कधी कधी असा अनुभव येतो की, वक्त्याचा आवाज समोरून न येता उजव्या अंगास सरकला आहे आणि डावी बाजू जणू मुकी झाली आहे. अशा वेळी स्पीकर बिघडला असे ठरवून आपण दुरुस्तीची घाई करतो. परंतु ध्वनीचा तोल यंत्र, खोली आणि ऐकणाऱ्याचे कान या तिघांच्या मेळातून साधत असतो, व दोष या तिघांपैकी कोठेही असू शकतो.

दोन स्पीकरांतून एकच ध्वनी सारख्या जोराने निघाला आणि ऐकणारा त्यांच्यासमोर बरोबर मध्यावर बसला, तर आवाज मधल्या रिकाम्या जागेतून येतो असे वाटते. हा भासच होय. पण स्टिरिओ ध्वनीची सारी इमारत त्यावर उभी आहे. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी त्याच्या एकस्वासाठी १९३१ साली अर्ज केला. ध्वनीची दिशा आपणांस कशी कळते, याचे विवेचन लॉर्ड रॅली यांनी त्यापूर्वीच, १९०७ मध्ये केले होते. एका अंगाने आलेला ध्वनी त्या बाजूच्या कानात किंचित आधी पोहोचतो; पलीकडच्या कानाला तो मस्तकाच्या आडोशामुळे क्षीण होऊन मिळतो. हे कालांतर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढे असते, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवितो.

प्रथम सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरात जाऊन ‘बॅलन्स’ची पट्टी मध्यावर आहे की नाही, हे पाहावे. (तराजूचा काटा डोळ्यांपुढे आणला, म्हणजे या शब्दाला निराळा प्रतिशब्द लागत नाही.) बोटाच्या ओझरत्या स्पर्शानेही ती सरकते. जवळच ‘मोनो ऑडिओ’ची कळ असते, ती चालू केली म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकच मिश्र ध्वनी मिळतो. तेवढ्याने तोल सुधारला, तर दोष बहुधा मूळ मुद्रणातच आहे. १९६०च्या दशकातील कित्येक स्टिरिओ मुद्रणांत गायकाचा स्वर एका बाजूस व वाद्ये दुसऱ्या बाजूस ठेवलेली आढळतात.

तोल सुधारला नाही, तर पुढील प्रयोग करावा. मोनो चालूच ठेवून टॅब्लेट हातभर अंतरावर समोर धरावा. नंतर पडदा आपल्याकडेच ठेवून वरची कड खाली येईल असा तो फिरवावा. मंद बाजू टॅब्लेटबरोबर उजवीकडे गेली, तर दोष यंत्रात आहे. ती आपल्या डावीकडेच राहिली, तर यंत्र निर्दोष समजावे. काही टॅब्लेटांत दोन्ही स्पीकर एकाच कडेला असतात. ते आडवे धरले की आवाज एकाच बाजूने येणार. त्यात बिघाड काही नाही. ते उभे धरूनच हा प्रयोग करावा.

यंत्रात दोष आढळल्यास आवरण काढून पाहावे, कारण स्पीकरची छिद्रे पुष्कळदा त्यानेच झाकलेली असतात. जाळीवरील धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. टाचणी मात्र कदापि घालू नये. ती जाळी फाडून आतल्या पडद्यालाही इजा करते. एवढे करूनही स्पीकर मंदच राहिला आणि इअरफोनमध्ये दोन्ही बाजू सारख्या ऐकू आल्या, तर टॅब्लेट दुरुस्तीस द्यावा.

मंद बाजू आपल्या डावीकडेच राहिली, तर स्वतः पाठमोरे वळून तसेच ऐकावे. एका अंगाची भिंत ध्वनी परतविते, दुसऱ्या अंगाचा जाड पडदा तो शोषून घेतो. असा खोलीचा दोष असेल, तर मंद बाजू आता उजवीकडे येईल. तरीही ती डावीकडेच राहिली, तर इअरफोनचे डावे-उजवे टोक आलटून पाहावे. प्रत्येक वेळी डावा कानच कमी ऐकत असेल, तर टॅब्लेट बाजूला ठेवावा. कारण कानातील मळ एवढे साधेही असू शकते. पण काही तासांत अथवा दोन-तीन दिवसांत एका कानाचे ऐकणे एकाएकी घटले असेल, तर ती तातडीची बाब आहे. आंतरकर्णाच्या अशा विकारात पहिल्या दोन आठवड्यांतील उपचारच अधिक गुणकारी ठरतात. बॅलन्सची पट्टी डावीकडे सरकवून अशा वेळी काम भागवू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.